युद्धाच्या धड्यात माणसे कुठे आहेत? – पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

इतिहासाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांवर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न मी शिकत असताना परीक्षेला यायचा, आज मी इतिहास शिकवते तेव्हाही येतो. उत्तर मुलांना तोंडपाठ असते. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणून २८ जून १९१४ रोजी बोस्नियातल्या सारायेव्होत झालेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या. पाच मुद्दे, पाच गुण. या अख्ख्या उत्तरात मेलेला माणूस एकच, तो युवराज. त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसलेली त्याची पत्नी सोफी हिलाही गोळी लागली आणि तीही मेली, पण बहुतेक उत्तरांत तिला जागा नसते. पुढच्या चार वर्षांत सुमारे नव्वद लाख ते एक कोटी सैनिक मेले, आणि त्याखेरीज लक्षावधी नागरिक. त्यांची वाट पुढच्या प्रश्नात लागते. ‘परिणाम’ या मथळ्याखाली एक ओळ असते: ‘प्रचंड जीवितहानी व वित्तहानी झाली.’ मुले ती लिहितात, खाली रेघ मारतात आणि दुसऱ्या मुद्द्याला लागतात.

या एका ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. ती खोटी नाही. पण एक कोटी माणसांना ती इतक्या झटपट मार्गी लावते की मुलांना तिथे थांबावेसेच वाटत नाही. आणि जिथे मूल थांबत नाही, तिथे ते शिकत नाही, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

बेल्जियममध्ये मॉन्स शहराजवळ सेंट सिम्फोरियन नावाची युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. ब्रिटिश आणि जर्मन, दोन्ही बाजूंचे सैनिक तिथे पुरलेले आहेत. जॉन पार हा या युद्धात मेलेला पहिला ब्रिटिश सैनिक मानला जातो. २१ ऑगस्ट १९१४ रोजी तो सायकलवरून टेहळणीला पुढे गेला आणि परतला नाही. वय सतरा. भरती होताना त्याने वय वाढवून सांगितले होते, त्यामुळे त्याच्या थडग्यावर वीस कोरलेले आहे. त्याच्या समोर, काही पावलांवर, जॉर्ज एलिसनचे थडगे आहे. एलिसन कधीकाळी कोळशाच्या खाणीत काम करायचा. चाळिशीचा माणूस, घरी बायको आणि लहान मुलगा. तो ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी मॉन्सच्याच परिसरात मारला गेला. त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या, अकरा वाजता ती लागू व्हायची होती, आणि एलिसन मेला तो त्याच्या तास-दीड तास आधी. या युद्धात लढताना मारला गेलेला तो शेवटचा ब्रिटिश सैनिक समजला जातो. ही दोन थडगी समोरासमोर आली ती निव्वळ योगायोगाने. कोणी मुद्दाम तशी खणली नव्हती.

हे सांगायला वर्गात दहा मिनिटे पुरतात. नकाशावर मॉन्स दाखवावे, चार वर्षांत फौजा कुठून कुठे गेल्या ते बोटाने फिरवून दाखवावे, आणि बोट पुन्हा मॉन्सवर आणून ठेवावे. मुले गप्प होतात आणि मग हमखास एक प्रश्न येतो: सह्या झाल्या होत्या, तर लढत कशाला होते? त्याच शेवटच्या दिवशी सर्व बाजूंचे मिळून दोन हजारांहून अधिक सैनिक मेले असा अंदाज आहे, आणि काही सेनाधिकाऱ्यांनी अगदी शेवटच्या घटकेपर्यंत हल्ले चालू ठेवले होते. आता मूल हुकूम देणाऱ्याबद्दल विचारू लागते, हुकूम पाळणाऱ्याबद्दल विचारू लागते, तो पाळला नसता तर काय झाले असते हे विचारू लागते. लष्करवाद हा मुद्दा त्याला आता पाठ करावा लागत नाही.

आकडे नकोत असे मी म्हणत नाही. आकडे हवेतच, आणि अचूक हवेत. पण लहान मुलाच्या मनात लाखाचा आकडा मावत नाही, मोठ्यांच्याही मावत नाही. सहा माणसे मावतात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी रशियातल्या लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) वेढा घातला. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, एकूण ८७२ दिवस. भुकेने, थंडीने आणि तोफांनी लाखो नागरिक मेले. तान्या साविचेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या मोठ्या बहिणीची एक छोटी वही घरात होती, तिच्यात पत्ते टिपण्यासाठी अक्षरवार पाने होती. घरातले माणूस गेले की तान्या त्याच्या नावाच्या अक्षराचे पान काढायची आणि त्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहायची. बहीण झेन्या, २८ डिसेंबर १९४१, दुपारी बारा. आजी, २५ जानेवारी १९४२, दुपारी तीन. मार्चमध्ये भाऊ ल्योका, पहाटे पाच. एप्रिलमध्ये एक काका, मे महिन्यात दुसरे. आई, १३ मे, सकाळी साडेसात. त्यानंतर तीन पानांवर तीन नोंदी आहेत: साविचेव मेले. सगळे मेले. उरली एकटी तान्या. पुढे तिला शहरातून बाहेर काढले, पण तिची प्रकृती सावरली नाही. जुलै १९४४ मध्ये, पंधरावे वर्ष चालू असताना, तीही गेली. तिची बहीण नीना आणि भाऊ मिखाइल जिवंत होते. ते तिला कधीच कळले नाही.

ही नऊ पाने वाचून दाखवली की मी मुलांना काही विचारत नाही. ‘हे वाचून तुला काय वाटले ते पाच-सहा ओळींत लिही’ असला स्वाध्याय त्या मुलीच्या वहीखाली छापू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मुलांना काय वाटले ते त्यांचे त्यांच्यापाशी राहू दे. विचारायचेच असेल तर असे विचारा: वेळ का लिहिली असेल? कोणी बघेल म्हणून लिहिली असेल का? वेढा कोणी घातला, कशासाठी घातला, आत धान्य का पोचत नव्हते? मग मूल पुन्हा पुस्तकाकडे वळते, आणि या वेळी ते शोधत असते.

‘मुले अजून लहान आहेत, त्यांना कशाला हे सगळे’ असे मला पालक म्हणतात, सहकारीही म्हणतात. त्या बोलण्यात माया असते आणि तिचा मी मान ठेवते. पण युद्ध मुलांपर्यंत आपल्याआधी पोचलेले आहे. मोठ्यांच्या हातातल्या फोनवर ते दिवसभर चालू असते, तेही अर्धवट, ओरडणाऱ्या निवेदनासह आणि कोणत्याही स्पष्टीकरणाविना. आणि कोट्यवधी मुलांच्या तर ते दारातच उभे आहे. युनिसेफने २०२४ च्या अखेरीस दिलेल्या आकड्यानुसार ४७ कोटींहून अधिक मुले संघर्षाच्या छायेतल्या भागांत राहतात, म्हणजे जगातल्या दर सहा मुलांमागे एकाहून जास्त. त्या मुलांचे वय विचारून बॉम्ब पडत नाहीत.

वयाचा विचार मात्र करायलाच हवा, आणि तो पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी शिक्षकांवर ढकलू नये. सहा-सात वर्षांचे मूल युद्धाबद्दल विचारते तेव्हा ते बहुधा स्वतःबद्दल विचारत असते. इथे होईल का? झाले तर आई-बाबा कुठे असतील? त्याला कारणे आणि करार नको असतात. त्याने विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगावे, आणि जखमींना उचलणारी, जेवण पोचवणारी, हरवलेल्या मुलांना घरी नेणारी माणसे तिथेही असतात हे आवर्जून सांगावे, कारण तेही तितकेच खरे आहे. प्रेतांचे फोटो आणि रक्ताळलेले व्हिडिओ शाळेत धडा म्हणून दाखवू नयेत. मुलाला हादरवले म्हणजे शिकवले असे होत नाही. हादरलेले मूल डोळे मिटून घेते.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वस्तू दाखवाव्यात. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. शिनइची तेत्सुतानी हे तिच्या मालकाचे नाव. चार वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो घरापुढे या सायकलवर खेळत होता, आणि त्याच रात्री तो गेला. इतक्या लहान मुलाला दूरच्या कबरीत एकटे ठेवायला वडिलांचे मन होईना, म्हणून त्यांनी त्याला घरच्याच अंगणात सायकलीसह पुरले. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी त्याचे अवशेष काढून कुटुंबाच्या कबरीत नेले आणि सायकल संग्रहालयाला दिली. दहा वर्षांच्या मुलाला यातले सगळे समजते. सायकल म्हणजे काय, चार वर्षांचा भाऊ म्हणजे काय आणि चाळीस वर्षे म्हणजे किती, हे त्याला माहीत असते.

ज्या सारायेव्होचे नाव आपली मुले फक्त युवराजाच्या हत्येसाठी पाठ करतात, त्या शहराला १९९२ ते १९९६ असा जवळपास चार वर्षे वेढा होता. सुमारे साडेअकरा हजार माणसे मेली, त्यांत दीड हजारांहून अधिक मुले. त्या वेढ्यात वाढलेल्या यास्मिन्को हलिलोविच या तरुणाने २०१० मध्ये आपल्या पिढीला इंटरनेटवरून एकच प्रश्न विचारला: युद्धातले बालपण तुमच्यासाठी काय होते? हजाराहून अधिक जणांनी दोन-दोन ओळींत उत्तरे पाठवली. पुढे लोक त्या काळातल्या आपापल्या वस्तू घेऊन येऊ लागले आणि २०१७ मध्ये तिथे युद्धातल्या बालपणाचे संग्रहालय उभे राहिले. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की तिथली मुले फक्त रडणारी नाहीत. ती तळघरात अभ्यास करतात, भांडतात, खेळणी जपतात, कोणावर तरी प्रेम करतात. पुस्तकांतल्या चित्रात युद्धातले मूल नेहमी ढिगाऱ्यापुढे मळक्या चेहऱ्याने उभे असते. तो चेहरा बघून दया येते, पण ते मूल आपल्यासारखेच आहे हे कळत नाही.

इथे थोडे कठोर बोलते. शांततेचा पाठ म्हणून जो धडा सगळीकडे घेतला जातो, तो आपण फार सोपा करून ठेवला आहे. सादाको सासाकीची गोष्ट बहुतेक मुलांना ऐकून माहीत असते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाला, हजार कागदी बगळे केले की इच्छा पूर्ण होते म्हणून ती रुग्णालयात घड्या घालत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बारा वर्षांची असताना गेली. गोष्टीत पुष्कळदा असे सांगतात की हजार व्हायच्या आत ती गेली आणि उरलेले मैत्रिणींनी पूर्ण केले. तिचे कुटुंबीय आणि हिरोशिमाचे संग्रहालय वेगळे सांगतात: तिचे हजार पूर्ण झाले होते, त्यानंतरही ती करतच राहिली. हजार झाले, तरी ती वाचली नाही. हे ऐकायला कठीण आहे, पण मुलांना हेच सांगायला हवे. नाहीतर किरणोत्साराने झालेला आजार बगळे कमी पडल्यासारखा वाटू लागतो.

आणि जो भाग आपण दोन शब्दांत उरकतो, तोच तर खरा आशेचा भाग आहे. तिच्या वर्गातली मुले रडून थांबली नाहीत. त्यांनी तिच्यासाठी आणि बॉम्बने मेलेल्या सर्व मुलांसाठी स्मारक उभारायचे ठरवले, पत्रके वाटली, निधी गोळा केला. जपानभरच्या शाळांतून आणि परदेशांतूनही मुलांनी पैसे पाठवले आणि ५ मे १९५८ रोजी ते स्मारक उभे राहिले. कागदी बगळे करून खिडकीत टांगण्याचा तास आपण सगळे घेतो. निधी कसा जमवला, सभा कशा घेतल्या, मोठ्यांना कसे पटवले, याचा तास कोणी घेत नाही.

हिरोशिमातच आणखी एक स्मारक आहे. जपानच्या ताब्यातल्या कोरियातून आलेले आणि आणलेले हजारो लोक त्या शहरात होते, त्यांतले अनेक सक्तीचे मजूर होते. बॉम्बने तेही मेले. त्यांच्यासाठीचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले, पण शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ उजाडावे लागले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे. ज्या देशावर बॉम्ब पडला त्याच देशाच्या फौजांनी आधी चीनमध्ये आणि कोरियात काय केले तेही सांगितले पाहिजे. त्याने सादाकोचे दुःख तसूभरही कमी होत नाही. मरणाऱ्याचा देश बघून हळहळायचे की नाही हे ठरवायची सवय मात्र मोडते, आणि मला वाटते, युद्धाच्या धड्याने मुलांना काही द्यायचे असेल तर ते हेच.

पलीकडच्या बाजूचे मृत मोजणे ही आजची कल्पना नाही. कलिंगचे युद्ध जिंकल्यावर सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवले: एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख कैद करून नेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली. ही सगळी हरलेल्या बाजूची माणसे. तो एवढ्यावर थांबत नाही. ज्यांना स्वतःला काही झाले नाही, पण ज्यांचे मित्र, सोबती, नातलग संकटात सापडले, त्यांनाही ती इजाच आहे, असे त्यात म्हटले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका जेत्याने युद्धाचा खर्च इतक्या दूरवर मोजला होता. पाठ्यपुस्तकात मात्र यातून उरते ते ‘युद्धानंतर अशोकाचे मनपरिवर्तन झाले.’ मुलांना राजाचे मन कळते, ते ज्यांच्यामुळे बदलले ती माणसे कळत नाहीत. शिलालेखातल्या त्या ओळी जशाच्या तशा छापा. आणि हेही सांगा की प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तो तिथेच का नसावा, यावर वर्गात एक अख्खा तास वाद होऊ शकतो.

महाभारताचे अठरा दिवस मुलांना माहीत असतात. चक्रव्यूह माहीत असतो. त्यानंतर येणारे स्त्रीपर्व कोणी त्यांना सांगत नाही. त्यात रणभूमीवर आलेली गांधारी आपल्या शंभर मुलांसाठी रडते, आणि अभिमन्यूच्या देहाशी बसलेल्या उत्तरेचे दुःखही तीच कृष्णाला बोलून दाखवते. अभिमन्यू गांधारीच्याच मुलांच्या विरुद्ध लढताना मेला होता.

हे सगळे पुस्तकात कसे आणायचे, याचे नमुने जगात आहेत आणि ते तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी केले आहेत. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून पंचाहत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले. जानेवारी १९६३ मध्ये दोघांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांची देवाणघेवाण करणारी कायमची संस्था काढली. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण तिच्यामार्फत एकमेकांच्या देशात जाऊन राहिले आहेत. २००३ मध्ये बर्लिनला भरलेल्या दोन्ही देशांच्या युवा संसदेत विद्यार्थ्यांनीच मागणी केली की आम्हाला इतिहासाचे एकच, सामाईक पाठ्यपुस्तक द्या. २००६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला, तोच मजकूर दोन भाषांत. मुलांनी मागितले आणि तुमच्यासारख्या लोकांनी लिहून दिले, यापेक्षा चांगला दाखला मी तुमच्यापुढे काय ठेवू?

तिथे वैर संपल्यावर पुस्तक आले, हे खरे. पण वैर चालू असतानाही प्रयत्न झाले आहेत. सामी अदवान हे पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ आणि दान बार-ओन हे इस्रायली मानसशास्त्रज्ञ यांनी दोन्हीकडचे शिक्षक एकत्र बसवून एक पुस्तक तयार केले. पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला त्याच घटनेचे पॅलेस्टिनी कथन, आणि मध्ये विद्यार्थ्याने लिहावे म्हणून कोऱ्या ओळी. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी ते स्वीकारले नाही. तिथली आजची स्थिती पाहता कोणी म्हणेल, काय उपयोग झाला? मी म्हणेन, गोळीबार चालू असताना दोन बाजूंचे शिक्षक एका टेबलाशी बसले आणि एकमेकांचा मजकूर त्यांनी न खोडता छापला. हे करता येते, एवढे त्यांनी दाखवून ठेवले आहे. त्या मधल्या कोऱ्या ओळी मला प्रत्येक युद्धाच्या धड्यात हव्या आहेत.

आता शांततेबद्दल. आपल्या पुस्तकात शांतता म्हणजे एका तहाचे नाव, एक सन आणि अटींची यादी. ती कोणी आणली, किती दिवस लागले, कितीदा बोलणी मोडली, याचा पत्ता नसतो. त्यामुळे मुलांना वाटते की युद्ध माणसे करतात आणि शांतता आपोआप होते.

एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ असे बारा वर्षे यादवी युद्ध चालले, सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. त्याच युद्धाच्या ऐन मध्यात, १९८५ मध्ये, सरकारी फौजा आणि बंडखोर यांनी तीन वेगवेगळे दिवस बंदुका खाली ठेवल्या, कारण मुलांना लस टोचायची होती. युनिसेफ, चर्च आणि रेड क्रॉस मध्ये पडले होते. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. पुढची अनेक वर्षे असे दिवस ठरत गेले आणि ही रीत इतर युद्धांतही वापरली गेली. चौदा वर्षांच्या मुलापुढे हे ठेवले की पहिला प्रश्न असा येतो: तीन दिवस थांबता आले, तर चौथ्या दिवशी का नाही? मला याचे नेटके उत्तर देता येत नाही. तो प्रश्न वर्गात तसाच राहू देण्याची मुभा शिक्षकाला पुस्तकाने द्यावी.

लायबेरियात दोन यादवी युद्धांनी चौदा वर्षांत सुमारे अडीच लाख माणसे गेली. मुलांच्या हातात बंदुका होत्या. २००३ मध्ये लेमा ग्बोवी आणि तिच्याबरोबरच्या ख्रिस्ती व मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मन्रोव्हियातल्या मासळीबाजाराच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या. घानामध्ये बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांच्यातल्या काही तिथवर गेल्या आणि सभागृहाच्या दारात हात गुंफून बसल्या: करार होईपर्यंत कोणी बाहेर पडायचे नाही. त्या ऑगस्टमध्ये करार झाला. त्यामागे आणखीही कारणे होती, आंतरराष्ट्रीय दबाव होता, राष्ट्राध्यक्षाला पद सोडावे लागले होते. तेही सांगावे. पण दारात बसलेल्या बायका तहाच्या कलमांत सापडत नाहीत, म्हणून त्या धड्यातही नसाव्यात, हे कुठले शास्त्र?

आशा शिकवताना खोटा दिलासा देऊ नये. माणसे मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये झाला, दीडशेहून अधिक देश त्यात आले, कोट्यवधी सुरुंग नष्ट झाले. काही मोठे लष्करी देश मात्र त्यात कधी आलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये युरोपातल्या काही देशांनी त्यातून बाहेर पडायचे ठरवले. हे दोन्ही मुलांना सांगा. मिळवलेले हातचे जाऊ शकते, हे कळलेले मूल ते राखायलाही शिकते.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात नसली तरी शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत ठळक हवी. २०२४ च्या अखेरीस जगात बारा कोटींहून अधिक माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडून परागंदा झालेली होती, आणि त्यांत चाळीस टक्के मुले. त्यांतली काही कोणाच्या ना कोणाच्या वर्गात बसलेली असणार. अशा मुलाला उभे करून ‘तू सांग, कसे असते’ असे कृपा करून कोणी विचारू नये. त्याला सांगावेसे वाटले तर ते आपल्या वेळेला, आपल्या माणसाला सांगेल. त्या धड्याच्या दिवशी त्याला आधी बाजूला घेऊन कल्पना द्यावी, आणि नको वाटल्यास वर्गाबाहेर बसायची मोकळीक द्यावी.

मला विचारले जाते, युद्धाची किंमत अशी मोजून दाखवली तर मुलांच्या मनात सैनिकाबद्दलचा आदर कमी होणार नाही का? माझा अनुभव उलटा आहे. एलिसनच्या घरी लहान मुलगा होता हे कळल्यावर मुले सैनिकाबद्दल जास्त हळुवारपणे बोलतात. त्याला कोणी, कुठे आणि कशासाठी पाठवले, हे ती विचारतात. असा आदर घोषणेपेक्षा टिकाऊ असतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. युद्धाच्या प्रत्येक धड्यात, प्रत्येक बाजूचे निदान एक माणूस नावानिशी असू द्या, आणि त्याच्याबद्दलचे सगळे खरे, तपासलेले असू द्या. युद्ध कसे सुरू झाले याला जितकी पाने देता, निदान त्याच्या निम्मी ते कसे थांबले आणि कोणी थांबवले याला द्या. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘कारणे लिहा’च्या जोडीला एक असा प्रश्न द्यावा ज्याचे उत्तर पाठ करता येत नाही, आणि त्याला गुणही तितकेच ठेवावेत, कारण गुण नसलेला प्रश्न वर्गात शिकवला जात नाही हे आपण सगळे जाणतो. या धड्याला एका तासिकेऐवजी तीन द्या. जागा कमी पडत असेल तर तहांच्या अटींची यादी आखडती घ्या, ती मुलांना कुठेही सापडेल.

आणि पुढच्या आवृत्तीचा मसुदा छापखान्यात जाण्याआधी तेरा-चौदा वर्षांच्या काही मुलांना वाचायला द्या. त्यांच्या हातात लाल पेन द्या, आणि जिथे त्यांना प्रश्न पडेल तिथे समासात लिहायला सांगा. त्यांतले जे प्रश्न तुम्हाला अडचणीचे वाटतील, ते धड्याच्या शेवटी स्वाध्याय म्हणून तसेच छापा.

आपली नम्र,
इतिहास शिकवणारी एक शिक्षिका